पेन अडकलं होतं म्हणालीस

सारिका,

काल माझा पेपर झाला. पेपर कसा गेला हे सांगायला जिला पहिला फोन लावायचा तिचाच नंबर आता लागत नाही, म्हणून हे लिहिते आहे. म्हणजे मी बोलते आहे आणि मोबाइल लिहितो आहे. हा मोबाइल तुझ्यापेक्षा जास्त चुका करतो, आणि मी काहीही बरळले तरी एकदाही थांबत नाही.

तुला जाऊन महिना झाला. उचगावच्या रस्त्याला, दिवेलागणीच्या वेळी, उसानं भरलेली ट्रॉली कडेला उभी होती. मागं लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. दर हंगामात असं कुणीतरी जातं, दर हंगामात पेपरात तशीच बातमी येते आणि ट्रॉल्या तशाच उभ्या राहतात. तुझ्या मोपेडचं काय झालं, तुझं काय झालं, हे मला लोकांनी फार सांभाळून सांगितलं. जन्मापासून मला दिसत नाही, त्यामुळं मला सगळेच सगळं सांभाळून सांगतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शुभे, मी मेलो. खाली बस आन् पाणी पी."

कोल्हापूरच्या पोरी स्वतःला 'आलो, गेलो, जेवलो' म्हणतात, यावरून आमच्या एका पुण्याच्या मॅडम फार हसायच्या. तू मेल्यावरही मला 'मेलो' असंच ऐकू येतं. त्याला मी काय करू?

कॉलेजनं तुझी शोकसभा घेतली. एका सरांनी तुला 'अंधांची काठी' केलं, दुसऱ्यांनी 'सेवाव्रती'. मी दात आवळून बसले होते. तू आणि सेवा! मला रस्ता ओलांडून देताना "हाल की म्हशी" म्हणणारी तू. मग आपल्या दिव्यांग साहाय्य कक्षाच्या मॅडमनी माझ्या हातात माइक दिला आणि कानाशी म्हणाल्या, "शुभांगी, ती किती प्रामाणिकपणे लिहायची तेवढं सांग. लेखनिकांसाठी तिच्या नावानं बक्षीस ठेवायचं चाललंय."

लेखनिक म्हणजे परीक्षेत माझ्यासारखीच्या शेजारी बसून, ती सांगेल ते उत्तरपत्रिकेत उतरवणारी. तिच्यासाठी मोठा नियम एकच. सांगितलं तेवढं लिहायचं. चुकीचं सांगितलं तर चुकीचं लिहायचं, बरोबर सांगितलं तर बरोबर. मनचं काही घालायचं नाही.

माइक हातात धरून मी उभी राहिले. वर पंखे घरघरत होते. तू नियमानं लिहिलंस की नाही, हेच तर मला दोन वर्षं कळलेलं नव्हतं. "ती माझ्याशी भांडायची," एवढं म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं मला रडू फुटलं. तेही आलं, पण नंतर, घरी.

तुला आठवतं का, तू माझ्याकडं कशी आलीस? मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षा तोंडावर आली तरी मला लेखनिक मिळत नव्हती. मॅडम वर्गावर्गांत जाऊन विनवण्या करत होत्या. लेखनिक माझ्याहून खालच्या वर्गातली पाहिजे, अक्षर बरं पाहिजे, आणि स्वतःचा अभ्यास सोडून माझ्या पेपरांना बसायची तयारी पाहिजे. असं माणूस कुठून मिळणार? त्यात तू आलीस. जिन्याखालच्या त्या कक्षात, दारातूनच म्हणालीस, "पुढच्या वर्षीचा पेपर कसला असतोय ते आधीच बघाय मिळंल म्हणून आलो. दुसरं काय न्हाई."

तोवर माझ्याकडं आलेला प्रत्येक माणूस माझ्यासाठी आला होता. स्वतःसाठी आलेली तू पहिलीच. मला तू त्याच क्षणी आवडलीस.

आपला तो कक्ष! त्याच्या उद्घाटनाला मला हार घातला होता. आत एक बोलका संगणक होता, तो वर्षभर खोक्यातच होता आणि आपण त्या खोक्यावर डबे ठेवून जेवायचो. बाहेर चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला होता, त्यावर पोरं गाड्या लावायची. दिव्यांग दिनाला मला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं, माझ्या जिद्दीवर चार भाषणं झाली, आणि उतरताना पायरी आहे हे कुणी सांगितलं नाही म्हणून मी नारळासकट खाली आले. सगळे हळहळले. तू मला उठवलंस, गुडघा झाडलास आणि म्हणालीस, "नारळ फुटला न्हाई, बरा हाय. घरी ने."

कॉलेज म्हणजे काय ते मला तुझ्यामुळं कळलं. तू येण्याआधी माझं कॉलेज म्हणजे गेटपासून वर्ग आणि वर्गापासून गेट. कॅन्टीनच्या कट्ट्यावर बसून तू मला सगळं सांगायचीस. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फिसकटलं, कुठले सर केस काळे करून आले. "त्यो निळ्या शर्टातला तुझ्याकडं बघतोय," म्हणायचीस. मी म्हणायचे, खोटं बोलू नको. तू म्हणायचीस, "बघतोय की. तुझ्या वड्याकडं." पारंपरिक दिनाला तू मला नऊवारी नेसवलीस आणि डोक्याला फेटा बांधलास. तो एवढा घट्ट होता की दिवसभर डोकं ठणकत होतं, आणि मी संध्याकाळपर्यंत सोडला नाही. त्या दिवसासाठी तुझे उपकार मानायचे राहिले होते. आज मानते.

आता त्या पेपराचं बोलू. ते सोडून कसं चालेल?

इतिहासाचा पेपर. आपल्याला जिमखान्याच्या खोलीत बसवलं होतं. चटयांचा आणि मल्लखांबाच्या तेलाचा वास, कोपऱ्यात चेंडूंची जाळी. पर्यवेक्षक सर वर्तमानपत्र चाळत बसले होते, मग चहाला गेले. मी सांगत होते, तू लिहीत होतीस. तुझं पेन कागदावर कसं चालतं ते मला पाठ झालं होतं. माझं वाक्य संपलं की किंचित मागून तुझं पेन संपायचं.

मी सांगितलं की एकोणीसशे नऊच्या कायद्यानं प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली, आणि पेन थांबलं.

"लिही की," मी म्हणाले. मग पेन चाललं, आणि चालतच राहिलं. माझं वाक्य छोटं होतं. तुझं लिहिणं त्या वाक्यात बसणारं नव्हतं.

बाहेर आल्यावर कॅन्टीनमध्ये पोरं पेपरावर बोलत होती. ते ऐकूनच मला माझी चूक कळली. द्विदल पद्धत आली एकोणीसशे एकोणीसच्या कायद्यानं. दोन्ही कायद्यांची मी अदलाबदल केली होती, आणि पूर्ण उत्तर त्यावर उभं केलं होतं. मी तुला विचारलं, "काय लिहिलंस?"

"तू सांगितलंस त्येच."

"मग पेन का थांबलं?"

"अडकलतं."

"आणि नंतर एवढा वेळ काय लिहीत होतीस?"

"अडकलतं म्हणून गिरवत हुतो. किती चौकशी गं!"

निकाल लागला तेव्हा त्या पेपरात मी वर्गात पहिली होते. आई-बाबा कागलहून पेढे घेऊन आले. सगळे माझ्या पाठीवर थाप मारत होते आणि मी ज्यांच्या त्यांच्या हातात पेढा ठेवत होते. तुझ्या हातात ठेवला तेव्हा तो हात गार होता. का होता, ते तू कधी सांगितलं नाहीस.

त्यानंतर आपण किती भांडलो! एकदा स्टॉपवर भांडता भांडता माझी कागलची बस गेली, मग पुढचीही गेली. मी म्हणत होते, मला आयुष्यात सगळं दुसऱ्यांनी दिलेलं आहे, निदान माझी चूक तरी माझी असू दे. मला नापास व्हायचा हक्क आहे. तू म्हणालीस, "नापास व्हायला हक्क कशाला लागतोय? आमच्या घरात सगळी हक्काबिगर झाल्यात." स्टॉपवरचं कुणीतरी हसलं. मला मात्र राग आला होता.

मग तूही चिडलीस. "सगळा वर्ग फुडच्याच्या पाठीतनं बघून लिवतोय. त्यास्नी कोण इचारतंय? तुलाच एकटीला हरिश्चंद्र व्हायचा नाद का? डोळं असल्यालं बघत्यात. तुला बघता येत न्हाई, म्हणून जरा..." आणि तिथं तू थांबलीस.

"जरा काय?"

"काय न्हाई. पेन अडकलतं."

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी मॅडमना सांगून दुसरी लेखनिक घेतली. तुला ते लागलं. पण पुस्तकं वाचायला माझ्याकडं दुसरं कुणी नव्हतं. तू घरी बसून धडे मोठ्यानं वाचायचीस, रेकॉर्ड करून मला पाठवायचीस, आणि मी ते कानात घालून अभ्यास करायचे. भांडणानंतरही धडे येत राहिले. फक्त आधी मध्येच थांबून "हितं लेखकानं नुसती पानं भरल्यात, झोप लागली तर चालंल" असं काहीबाही बोलायचीस, ते बंद झालं. नुसता धडा, सुका. तुझा राग मला असा ऐकू यायचा. एक दिवस एका लांबलचक धड्याच्या मध्ये तू खाकरलीस आणि म्हणालीस, "शुभे, जेवलीस का?" मी तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा लावून ऐकलं आणि तुला फोन केला.

त्या फोनवर तू म्हणालीस, "तुझं एम.ए. हुंदे. निकाल लागला की सांगतो खरं काय झालतं ते. आत्ता सांगितलो तर तू परत बी.ए.ला बसशील. तुझा काय नेम!"

मी कबूल झाले. निकालापर्यंत तो विषय काढायचा नाही असं ठरलं. तुझा राग गेला, माझी शंका राहिली. तुझं एम.ए.चं पहिलं वर्ष, माझं दुसरं. परत लेखनिक म्हणून घेऊ का तुला, असं माझ्या मनात घोळत होतं. ते तुझ्याशी बोलायचं राहून गेलं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. इतक्या वर्षांत उचगावला तुझ्या घरात कधी आले नव्हते, पण दारातून आत पाऊल टाकलं आणि घर मला माहीत होतं. शेजारच्या वर्कशॉपातलं लेथ मशिन चालू होतं, धड्यांच्या मागं असायचं तसंच. मागं म्हैस हलली, तिची साखळी वाजली. आत कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी लगबगीनं गॅस बारीक केला. मध्ये फक्त तुझा आवाज नव्हता. ते सगळे आवाज मी तिथंच उभी राहून ऐकत होते.

तुझ्या आईनं मला हाताला धरून खाली बसवलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "भाकरी थापताना मागं बसून तुझी पुस्तकं वाचायची बघ. मलाबी ते इंग्रजांचं कायदं पाठ झालं. मीच म्हणायची, अगं हळू वाच, म्हैस बुजती."

मी हसले. तीही हसली. मग दोघी रडलो.

निघताना ती म्हणाली, "तुझ्या निकालाची लई वाट बघत हुती. शुभीला कायतरी सांगायचं हाय म्हणायची."

"काय सांगायचं होतं, मावशी?"

"ते न्हाई बोलली. मी इचारलं तर म्हणाली, ते आमच्या दोघींतलं हाय."

चार आठवड्यांनी परीक्षा होती, आणि माझा सगळा अभ्यास तुझ्या आवाजात होता. दुसरी माणसं गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीला लावतात, हार घालतात, आणि उंबऱ्याबाहेर पडतात. मला तुझ्या आवाजावर परीक्षा द्यायची होती. मॅडम म्हणाल्या, पुढच्या सत्राला बस, कुणी काही म्हणणार नाही. कुणी काही म्हणणार नाही, हेच मला नको होतं. मी कानात तुला घातलं आणि बसले. तू जिवंत माणसासारखी वाचत होतीस. घोट घेत होतीस, पान उलटत होतीस, डास मारत होतीस. मी टिपणं ब्रेलमध्ये काढत होते आणि माझी बोटं भिजत होती.

सगळे धडे ऐकले. एक सोडून. एकोणीसशे पस्तीसच्या कायद्याच्या धड्यात, सुरुवातीलाच, तुला कशानंतरी हसू फुटतं. खदाखदा हसतेस आणि थांबतच नाहीस. ते हसू सुरू झालं की मी फोन बंद करायचे. दोनदा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. पूर्वी एकदा ऐकलाय, तेवढ्यावर भागेल, असं स्वतःला समजावलं.

काल नेमका तोच प्रश्न आला.

तीच जिमखान्याची खोली, तोच तेलाचा वास. शेजारी नवी मुलगी, पहिल्या वर्षाची, गुणी. आधीच मी तिला बजावलं होतं, "सांगेन तेवढंच लिहायचं." ती "हो दीदी" म्हणाली होती. मी सांगायला लागले. पस्तीसच्या कायद्यानं प्रांतांतली द्विदल पद्धत तशीच ठेवली, असं मी सांगितलं आणि माझं मन कुठंतरी चरकलं. पेन ऐकत होते. पेन थांबतं का, म्हणून माझा जीव कानात गोळा झाला होता.

पेन सरळ चाललं. माझ्या वाक्याबरोबर निघालं आणि माझ्या वाक्याबरोबर संपलं. थांबलं नाही म्हणजे बरोबर असेल, असं मी धरून चालले आणि त्यावर पुढचं सगळं उत्तर रचलं.

बाहेर आल्यावर तिला विचारलं, "मी सांगितलं तेवढंच लिहिलंस ना?"

"हो दीदी. एक अक्षर जास्त न्हाई."

"कुठं चुकतंय असं वाटलं का तुला?"

"मला कसं कळणार, दीदी? मी कॉमर्सची," ती बिचारी घाबरून म्हणाली. मी तिचा हात दाबला, आभार मानले. तिनं सगळं बरोबर केलं होतं. मी मागितलं होतं ते तिनं मला दिलं.

मग मी कॅन्टीनच्या कट्ट्यावर येऊन बसले, आपल्या जागेवर. वाद मी जिंकले होते, सारके. नियमाप्रमाणे झालं. कुणी दया केली नाही. आणि तरी मी अजून तेच म्हणेन, मरेपर्यंत म्हणेन, की माझी चूक मला पाहिजे. पण तू माझी चूक ओळखत होतीस, गं. मी घसरले की जगात एका माणसाचा हात थबकायचा. मग त्या हातानं काय लिहिलं, ते सोड. तो थबकायचा. हे मला काल कळलं, आणि हे तुला सांगायला मी कुठं जाऊ?

निकाल लागेल. त्या दिवशी उचगावला येईन, मावशीच्या हातावर पेढा ठेवीन. शेजारचं मशिन चालू असेल. तुझं खरं काय होतं ते मला आता कधीच कळणार नाही.

कट्ट्यावर बसल्या बसल्या मी फोन काढला आणि तो सोडलेला धडा लावला. तू हसायला लागलीस. या वेळी मी बंद केलं नाही. हसू संपेपर्यंत थांबले. मग तू दम घेतलास आणि म्हणालीस, "शुभे, हितं ध्यान दे. ही द्विदल परत आली बघ. प्रांतांतनं गेली आन् वर केंद्रात जाऊन बसली. हितं तू घसरणार, लिहून देतो."

शेजारच्या टेबलावरची पोरं ऐकत असतील, त्याची मला फिकीर नव्हती. मी फोन तोंडाजवळ धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "घसरलो की गं, सारके. आन् पेन कुठंच अडकलं न्हाई."